ठेवायला जागा

ताईंनी फीत कापायला कात्री हातात घेतली होती आणि मी गर्दीतून वाट काढत पुढं सरकत होते. बोरदऱ्याच्या मारुतीसमोर आमदार निधीतून नवा सभामंडप झाला होता. खांबांच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. आमदार कुमुदताई रणवरे उद्घाटनाला आल्या होत्या, शेजारी सरपंच भगवानअण्णा फेटा बांधून उभे होते आणि कर्ण्यावर सनई लागली होती.

एका कार्यकर्त्यानं मला हातानंच थोपवलं. निवेदन असेल तर माझ्याकडं दे, ताई जेवणानंतर लोकांना भेटणार आहेत, असं तो म्हणाला. मी म्हटलं, निवेदन नाही. मग काय काम आहे, असं त्यानं विचारलं, तर मला सांगता येईना.  त्याला चुकवून मी बाजूनं पुढं गेले, तसा तो माझ्या मागं आला. तेवढ्यात ताईंची नजर माझ्यावर पडली. माझ्या तोंडाकडं बघून त्यांना काय कळलं ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी कात्री परत ताटात ठेवली आणि मला जवळ बोलावलं.

"काय झालं, पोरी?"

"ताई, माझा बाप सकाळी वारला," मी म्हटलं. "त्याला ठेवायला जागा द्या."

कुणीतरी सनई बंद केली.

आम्ही गोसावी. माझा बाप कानिफनाथ गळ्यात डौर, म्हणजे मोठा डमरू, अडकवून गावोगाव नाथाची गाणी म्हणत फिरायचा. माझा जन्म होण्याआधी आमची चार-सहा पालं बोरदऱ्याच्या वेशीबाहेर उतरली आणि तिथंच राहिली. गावानं राहू दिलं, हे खोटं नाही. माझं नाव तिथल्याच शाळेत घातलं. त्या वर्षी मी बारावीला होते आणि आमच्यात एवढी शिकलेली मी एकटीच. गावात लग्न असो, बारसं असो, बापाला बोलावणं यायचं. जिवंत माणसाला गावात जागा होती, मेलेल्याला नव्हती. आम्ही मेलेलं माणूस जाळत नाही. भगव्या वस्त्रात, भस्म लावून, मांडी घातलेलं मातीत बसवतो. त्याला जमीन लागते, आणि प्रत्येक जमीन कुणाची तरी असते. फिरतीवर असताना कुणी गेलं तर वाटेवर कुठंतरी ठेवायचं आणि पुढं निघायचं, असं पूर्वी होतं. एका गावी राहायला लागल्यावर तेही संपलं. माझा धाकटा भाऊ तापानं गेला तेव्हा त्याला ओढ्याकाठी ठेवलं होतं. पुढच्या पावसाळ्यात ओढा काठ सोडून वाहिला आणि ती जागाच राहिली नाही. तेव्हापासून बाप दुखणाईत पडला की आईला एकच सांगायचा, मला ओढ्याला देऊ नको.

म्हणून त्या सकाळी माझ्या चुलत्यांनी वरच्या अंगाला, गायरानात कुदळ मारली. गुराख्यांनी बघितलं आणि गावात सांगितलं. गावातून माणसं आली आणि त्यांनी कुदळी काढून घेतल्या. मारहाण झाली नाही, शिवीगाळही फारशी नाही. गायरान सरकारी आहे, खड्डा केलात तर केस होईल, एवढंच सांगून ती उद्घाटनाला निघून गेली. चुलते डोक्याला हात लावून बसले. आई बापाजवळून हलायला तयार नव्हती. मग मी उठले.

कुमुदताईंविषयी तेव्हा तालुक्यात फार चांगलं बोललं जात नव्हतं. नवरा आमदार असताना वारला, म्हणून पक्षानं पोटनिवडणुकीला बाईला उभं केलं. बाई आधी शाळेत शिकवायच्या. राजकारण दीरच बघतो, असं लोक म्हणायचे. मीही तेच ऐकलेलं. त्या दिवशी त्यांनी सभामंडप तसाच ठेवला आणि मला म्हणाल्या, चल, कुठं आहेत वडील. जीप वेशीजवळच होती, पण त्या पायीच निघाल्या. मागं अण्णा, त्यांच्यामागं सगळं गाव.

पालात वाकून जावं लागतं. ताई वाकून आत गेल्या, बापाच्या पायावर डोकं ठेवलं आणि आईच्या शेजारी खाली बसल्या. काय आजार होता, किती दिवस अंथरुणावर होते, डॉक्टर काय म्हणाले, हे सगळं त्यांनी निवांत विचारलं, जसं सोयऱ्याच्या घरी गेल्यावर विचारतात. आई आधी तुटक बोलत होती, मग तिला रडू आलं. सकाळपासून ती रडली नव्हती.

बाहेर येऊन ताईंनी तहसीलदारांना फोन लावला. त्यांनी नियम सांगितला. गायरान द्यायचं तर ग्रामपंचायतीचा ठराव हवा, वरून मंजुरी हवी, आणि हे एका दिवसात व्हायचं काम नाही. फोन ठेवून ताई अण्णांकडं वळल्या. अण्णांचं म्हणणं मी आज सांगते तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. गावातली निम्मी घरं दुधावर जगत होती आणि गायरान दरवर्षी कुठून ना कुठून तुटत चाललं होतं. आज एक समाधी होईल, उद्या त्यावर ओटा, परवा जत्रा, मग जनावरं जायची कुठं, असं ते म्हणाले. आवाज चढवला नाही. ताईंना निवडून आणायला ते उन्हातान्हात फिरले होते, आणि तेही त्यांनी बोलून दाखवलं नाही.

मग त्यांनीच वाट काढली.

"कानिफबाबा आमचाबी माणूस होता," अण्णा म्हणाले. "आज त्याला ठेवू द्या गायरानात, गाव आडवं येणार नाही. पण ताई, तुम्ही सगळ्यांदेखत शब्द द्या. हे शेवटचं. पुन्हा ह्यांची अशी मागणी गावापुढं यायची नाही, आणि तुम्ही आणायची नाही."

गर्दीतून बरोबर आहे, बरोबर आहे असं ऐकू आलं. माझ्या चुलत्यांनी तर हात जोडले. मलाही वाटलं, सुटलो. ऊन चढत होतं आणि बाप सकाळपासून बसवून ठेवलेला होता.

 ताईंनी शब्द दिला असता तर गाव खूश, आम्ही खूश, आणि त्या फीत कापायला मोकळ्या. पण त्या पुन्हा पालाच्या तोंडाशी गेल्या आणि आईसमोर उकिडव्या बसल्या.

"ऐकलंत ना, शेवंताबाई?" त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तर मी आत्ता शब्द देते. पण मी दिला म्हणजे तो तुमच्या सगळ्यांच्या वतीनं दिला असं होईल. तुमच्या माणसाचं आहे. तुम्ही सांगा."

आमच्या आईला कुणी काही विचारून ठरवलंय, असं मी तोवर बघितलं नव्हतं. तिनं पदर सारखा केला. आधी बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आज ह्यांचं होईल," ती म्हणाली. "उद्या मी जाईन, परवा ही पोरगी. तवा पुन्हा वढाच की. नको ताई. आसला सबूद देऊ नका."

माझे चुलते तिच्यावर ओरडले, डोकं फिरलंय का तुझं म्हणाले. ती तशीच बसून राहिली. ताई उठल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की उन्हानं तसं दिसलं, मला सांगता यायचं नाही. अण्णांना त्या म्हणाल्या की मला शब्द देता येत नाही, आणि तुमच्यावर पोलीस आणून मी जागाही घेणार नाही. तशी घेतलेली जागा ह्यांना पचू देणार नाही कुणी. एवढं बोलून त्यांनी पुन्हा फोन लावला. आम्हाला फक्त त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं.

"भाऊजी, मी एक विचारणार आहे. नाही म्हणालात तरी माझी तक्रार नाही." मग त्यांनी सगळं थोडक्यात सांगितलं. पलीकडचं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "चिंचेच्या बांधाला चालेल."

आमच्याकडं वळून त्यांनी सांगितलं, "चला. माझ्या शेतात ठेवू. दीरांनी एवढंच विचारलं, कुठल्या बांधाला."

ताईंचं गाव चिंचणवाडी, तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. बापाला झोळीतून उचलून टेम्पोत बसवलं. आई एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला त्याला धरून बसलो. ताईंची जीप पुढं. अण्णा रस्त्याच्या कडेला उभे होते. टेम्पो जवळून गेला तेव्हा त्यांनी फेटा काढून हातात घेतला.

आम्ही पोचलो तर ताईंचे दीर आप्पासाहेब बनियनवर, कमरेइतक्या खड्ड्यात उभे होते. गडी बरोबर होते, पण कुदळ त्यांच्याच हातात होती. बाहेर येऊन त्यांनी आईला हात जोडले आणि विचारलं, तोंड कुठल्या दिशेला करायचं, बसवायला आतला कोनाडा किती लागतो, मला माहीत नाही, तुम्ही सांगाल तसं करू. समाधीत घालायचं मीठ त्यांनी दुकानातून आणून ठेवलं होतं. चुलत्यांनी शंख वाजवला. सगळ्यांनी मूठमूठ माती घातली, ताईंनीही घातली. सूर्य कलताना त्यांच्या जावेनं आम्हाला भाकरी आणि पिठलं वाढलं. सुतकाच्या घरचं म्हणून शेजारणींनी आणलेलं असतं तसंच ते होतं, फक्त घर आमचं नव्हतं.

निघताना आई पाया पडायला वाकली तर ताईंनी तिला दंडाला धरून उभं केलं. मला म्हणाल्या, परीक्षा झाली की ये, तुझ्याकडं काम आहे.

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या. पण निकाल लागायच्या आधीच जीप आली. त्या उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत मी ताईंबरोबर तालुक्यातलं एकेक पाल, एकेक वस्ती पालथी घातली. गोसावी, वैदू, जोशी, डवरी, जे जे गावाबाहेर राहतात ते सगळे. ताई जाऊन पोत्यावर बसायच्या, चहा घ्यायच्या, पोरं शाळेत जातात का ते बघायच्या. रेशन मिळत नसेल तर तिथूनच अधिकाऱ्याला बोलायच्या. आणि उठायच्या आधी विचारायच्या, तुमची माणसं कुठं ठेवता?  एका ठिकाणी एका म्हातारीनं आमचा हात धरून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं आणि रस्त्याकडं बोट दाखवलं. तिचा नवरा कडेला ठेवलेला होता. रस्ता रुंद झाला तसा तो आत आला. गाड्या जात होत्या. ताई रस्त्याच्या कडेला तशाच उभ्या राहिल्या.

हिवाळी अधिवेशनाला त्यांनी आईला आणि मला नागपूरला नेलं. आमदार निवासातल्या त्यांच्या खोलीत मतदारसंघातली माणसं गाद्या टाकून झोपलेली असायची. आम्हा दोघींना त्यांनी स्वतःची खाट दिली आणि आपण मैत्रिणीच्या खोलीवर गेल्या. आमच्या प्रश्नावर लक्षवेधी सूचना लागली होती. म्हणजे सरकारनं सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं. पण रोज गोंधळ व्हायचा आणि कामकाज बंद पडायचं. आम्ही वर प्रेक्षकांच्या गॅलरीत बसून खाली चाललेली आरडाओरड बघायचो. आई कंटाळली. इथं तर आपल्या पालापेक्षा जास्त भांडणं, चल घरी, म्हणाली.

शेवटी एका सकाळी लक्षवेधी पुकारली गेली. बाकं निम्मी रिकामी होती. मंत्र्यांनी उत्तर वाचलं, की याबाबत सर्व संबंधितांना सूचना देण्यात आल्या आहेत, उचित कार्यवाही सुरू आहे. वाचून ते खाली बसले. ताई उभ्या राहिल्या. म्हातारीचं आणि रस्त्याचं त्या सांगतील असं मला वाटलं होतं, पण ते त्यांनी सांगितलं नाही.

"अध्यक्ष महाराज," त्या म्हणाल्या, "मंत्री महोदय म्हणतात कार्यवाही सुरू आहे. माझ्या मतदारसंघातल्या कानिफनाथ गोसावी या नागरिकाला ठेवायला सरकारनं जागा दिली नाही, म्हणून मी त्यांना माझ्या शेतात ठेवलंय. पुढच्या माणसालाही ठेवीन. पण माझं शेत लहान आहे. सगळे मावायचे नाहीत. तर माझं शेत भरायच्या आत कार्यवाही होईल का, एवढंच मला विचारायचंय."

पहिल्या वाक्याला एकदोघं हसले होते. नंतर कुणी हसलं नाही. पलीकडच्या बाकांवरचे एक म्हातारे आमदार उठले आणि म्हणाले, माझ्याही तालुक्यात हेच आहे, मी कधी विचारलं नाही. मग तिसरे उठले. मंत्र्यांनी कागद बाजूला ठेवला आणि उभं राहून सांगितलं की ह्या जिल्ह्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांसोबत मी स्वतः बैठक लावतो आणि ताईंना बोलावतो.

आई कधी उठून उभी राहिली ते मला कळलंच नाही. आमच्यात एकमेकांना भेटल्यावर नमस्काराऐवजी 'आदेश' म्हणतात. गॅलरीच्या कठड्याशी हात जोडून आई मोठ्यानं म्हणाली, "आदेश, ताई." बापाचं नाव एवढ्या मोठ्या जागी कुणीतरी नीट, पूर्ण घेतलं होतं. मार्शलनं तिला खाली बसवलं. ताईंनी वर बघितलं नाही, पण त्यांचा हात कपाळाकडं गेला.

सरकारी आदेश यायला मात्र वेळ लागला. बैठक झाली, मोजणी झाली, फाईल फिरत राहिली. मध्ये निवडणूक आली. भगवानअण्णांनी दुसऱ्याचा प्रचार केला, आणि आसपासच्या गावांनीही गायरानाच्या भीतीनं हात आखडला. ताई पडल्या. मी भेटायला गेले तेव्हा मलाच रडू आलं. त्या परसात शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, मत ज्याचं त्याचं असतं, दिलं तेव्हा घेतलं की आपण. आणि सूपभर शेंगा माझ्यापुढं सरकवल्या.

गाडी गेली, माणसं पांगली. त्यानंतर त्या जेवणाचा डबा घेऊन एसटीनं जिल्ह्याच्या गावी जायच्या आणि कचेरीच्या बाकावर बसायच्या. मी तेव्हा डी.एड. करत होते, सुट्टी असली की त्यांच्याबरोबर जायचे. माजी आमदार म्हणून साहेब आधी उठून उभे राहायचे, नंतर नंतर नुसते हसायचे. सगळं जुळलं आणि अडलं ते शेवटी ग्रामपंचायतीच्या ठरावावर. तेव्हा ताई सरळ भगवानअण्णांच्या घरी गेल्या. मी बरोबर होते. मला वाटलं, आता मागचं निघणार. ताई घोटभर पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, गायरान तुमच्याइतकं मला माहीत नाही. गुरांना अडचण होणार नाही अशी जागा कुठली, ती तुम्हीच दाखवा. तुम्ही दाखवाल ती आम्ही घेऊ."

अण्णा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग उठले, पायात वहाणा घातल्या आणि आम्हाला वर घेऊन गेले. ओढ्यापासून लांब, माळाच्या चढावर एक जागा होती. मुरूम असल्यानं तिथं गवत धरत नव्हतं. हात फिरवून त्यांनी हद्द दाखवली. इथवर पाणी कधी येत नाही, असं ते आपणहून म्हणाले. त्याच महिन्यात ठराव झाला. काही दिवसांनी कंपाउंड आलं, फाटक आलं. तालुक्यात मग एकामागून एक अशा सात-आठ जागा झाल्या.

आईला मी विचारलं होतं, बापाला तिकडून आणायचं का. ती म्हणाली, आणायचं न्हाई. ज्यांनी पंगतीला बसवलं त्यांच्या ताटावरनं उठू नये. आप्पासाहेबांनी चिंचेच्या बांधाला कधी नांगर लागू दिला नाही. आजही त्यांची मुलं लागू देत नाहीत. मला वाटायचं, आईलाही तिथंच जायचं असेल, नवऱ्याशेजारी. मी आश्रमशाळेत शिकवायला लागले होते, ती आजारी पडली तेव्हा रजा घेऊन आले. एकदा पाय चेपताना मी तो विषय काढला.

"मला तिकडं नेऊ नगंस," आई म्हणाली. "आपल्या जागंत ठेव. ताईंनी येवढं केलं आन् जागा रिकामी ऱ्हाइली, तर उद्या म्हणतील हितं कुणी येत न्हाई, घ्या माघारी. कुणीतरी पयल्यांदा जायाला पायजे."

फाटकातून पहिली गेली ती आमची आई.

गाव आलं होतं. अण्णा थकले होते, मुलाचा हात धरून आले. ताईही आल्या, चिंचणवाडीहून रिक्षानं. चुलत्यांनी शंख वाजवला. ताईंनी माती घातली आणि तिथंच, ढिगाशेजारी खाली बसल्या. हळूहळू लोक निघाले. मला त्यांना खूप काही सांगायचं होतं. सगळं त्यांच्यामुळं, असं काहीतरी. पण त्यांच्या समोर उभं राहिल्यावर पहिल्या दिवसासारखंच झालं. ताईंचे गुडघे गेले होते, त्यांना आपलं आपण उठता यायचं नाही, म्हणून मी हात पुढं केला.

"उठवू का ताई?"

माळावरून वारा येत होता. खाली गाव दिसत होतं, शाळेचं छप्पर, सभामंडपाचा पत्रा. ताईंनी माझा हात धरला, पण उठल्या नाहीत.

"बस गं जरा," त्या म्हणाल्या. "बरी आहे जागा."

मी त्यांच्या शेजारी बसले.